मुकादमाचं बिऱ्हाड

मुकादमाच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुलीच, आणि एकीचं रडणं संपायच्या आत दुसरीचं सुरू. बाळंतपण धाकटीच्या सासरी झालं, म्हणून मुकादमीण तिकडे जाऊन राहिली आणि परत आली ती दोन्ही गुडघे सुजवून. राहती खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढून आली तशी ती दारातच खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. थोरल्या लेकीने ते पाहिलं. त्याच आठवड्यात तिने घर शोधायला सुरुवात केली.

थोरली दातांची डॉक्टर. घरात, शेजारात सगळे तिला डॉक्टरीणच म्हणत. लग्नाचं विचारलं की म्हणायची, सवड मिळाली की करते. बाप सामान हलवणारा. लोक एक घर सोडून दुसऱ्या घरी जातात तेव्हा त्यांची कपाटं, पलंग, शिवणयंत्रं उचलायची, टेम्पोत रचायची आणि नव्या घरी वर चढवायची, हे काम त्याने जन्मभर केलं. आधी नुसता हमाल होता, मग टोळीचा मुकादम झाला, आणि मग त्याचं नावच मुकादम पडलं. बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने हाक मारायची. लेकीबद्दल कोणी विचारलं की तो सांगायचा, आमचा दोघांचा धंदा एकच, जे जागचं हलायला तयार नसतं ते हलवायचं, फक्त ती आधी सुई टोचते.

डॉक्टरिणीने घर पाहिलं ते शहराच्या अगदी महागड्या भागात. तिथेच तिने एका मैत्रिणीबरोबर दवाखाना थाटला होता. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, आणि शांतता अशी की कुत्रीसुद्धा विचारून भुंकत असावीत. उंच भिंतीच्या आत चार इमारती, मध्ये बाग, पुढे मोठं लोखंडी गेट आणि गेटावर गणवेशातला वॉचमन. मागच्या बाजूला दुसरं, लहान गेट. सामान, भंगार, गॅसच्या टाक्या आणि कामाची माणसं तिथून.

घर दाखवणाऱ्या दलालाने तिला विचारलं होतं, वडील काय करतात. पुष्कळ जण अशा वेळी व्यवसाय आहे म्हणून वेळ मारून नेतात. हिने सरळ सांगितलं, सामान हलवतात, आणि या तुमच्या वस्तीतली अर्धी बिऱ्हाडं त्यांनीच वर चढवलेली आहेत. दलालाने कागद पुढे केले. तिने सही केली. भाडं किती ते तिने घरी सांगितलं नाही आणि मुकादमाने विचारलं नाही. आकडा ऐकला असता तर त्याच्या घशाखाली घास उतरला नसता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

घर सहाव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांचा प्रश्न मिटला, असं ती सांगत होती तेव्हा मुकादम खाली मान घालून दोर विंचरत बसला होता. म्हणजे दोरातल्या गाठी सोडवत होता. टोळीत त्याला विंचरणं म्हणतात. तो म्हणाला, झकास झालं, तुम्ही दोघी जा, सामान मी पोचवून देतो, मी इथंच राहीन.

मग जे व्हायचं ते झालं. मुकादमीण म्हणाली, या वयात वेगळं राहायचं असेल तर तसं लग्नातच सांगायचं होतं. डॉक्टरिणीने कागद आणून दाखवले, त्यात राहणारे म्हणून तिघांची नावं होती. मुकादम ऐकून घेत राहिला. त्याला काय सलत होतं ते त्याने एकदाच, फार हळू आवाजात सांगितलं.

"त्या भिंतीच्या आत मी किती वेळा गेलोय ते मलाच सांगता यायचं नाही. पण मागच्या गेटानं. त्या घरांमध्ये मला उभं राहायची सवय आहे, पोरी. बसायची नाही."

लेकीचे डोळे भरून आलेले पाहून मुकादमाचाच जीव खालीवर झाला. ही पोरगी शाळेत असताना टोळीतली माणसं टेम्पोची वाट वाकडी करून तिला परीक्षेला सोडून यायची. आता तिने जन्माचं पहिलं मोठं काम केलं होतं, आणि बाप त्यात पाय घालायला तयार नव्हता. तो म्हणाला, बरं, येतो, पण एक अट. सामान माझीच टोळी नेईल.

तिथे एक अडचण होती. सोसायटीचा नवा नियम होता की सामान मोठ्या कंपन्यांनीच आणायचं, कोणी टेम्पो आणि चार हमाल घेऊन यायचं नाही. भिंती खरवडतात, लिफ्टचे आरसे फुटतात. डॉक्टरिणीने मॅनेजरला फोन केला आणि कशाबशा शब्दांत विचारलं. मॅनेजरने टोळी कोणाची ते विचारलं, आणि ऐकल्यावर म्हणाला, तो मुकादम होय, मग येऊ द्या, त्याच्या हातून आमच्याकडे आजवर एक ओरखडा उठलेला नाही. फोन ठेवल्यावर डॉक्टरिणीने हे शब्द बापाला जसेच्या तसे सांगितले. त्या दिवशी मुकादमाने टोळीच्या अड्ड्यावर सगळ्यांना स्वतःहून चहा पाजला, आणि का पाजला ते सांगितलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी लेकीने पुन्हा एकदा विचारलं, बाबा, नक्की येताय ना. तो भांड्यांची पेटी बांधत होता. येतोय की, म्हणाला. तिच्याकडे पाहिलं मात्र नाही. गाठीकडे पाहत म्हणाला. लेकीच्या मनात ते तसंच अडकून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी आली. पैलवान नावाचा माणूस अंगाने काडी होता. चिमटीत धरावा असा, पण पाठीवर घेतलेलं ओझं त्याने कधी मध्ये टेकवलं नव्हतं. दुसरा रेडिओ, त्याला जाग आल्यापासून झोप लागेपर्यंत बोलायला लागायचं. तिसरा टेम्पोवाला, तो फक्त गाडीवर बोलायचा आणि तेही गाडीशीच. तिघेही मुकादमापेक्षा फार लहान नव्हते. रेडिओ आल्या आल्या म्हणाला, आज गिऱ्हाईक कडक आहे, जपून रे बाबांनो, हा म्हातारा बक्षीस द्यायचा नाही. मुकादमाने अंगातला चांगला शर्ट काढला, खिशातल्या फोनसकट घडी करून सामानात ठेवला, आणि जुनी बंडी चढवून कामाला लागला.

तीन खोल्यांएवढ्या नव्या घरात जायचं म्हटलं तरी एका खोलीचं सामान ते किती. पण त्यात मुकादमिणीचं कपाट होतं. जुनं, शिसवी, दारावर आरसा. कुठल्याशा कुटुंबाने शहर सोडताना ते मागे टाकलं होतं, तेव्हा मुकादमाने ते पाठीवर मारून घरी आणलं होतं. नव्या घरात भिंतीतच कपाटं आहेत, हे कशाला, असं डॉक्टरीण म्हणाली होती. मुकादमिणीने उत्तर दिलं होतं की कपाट राहिलं तर मीही राहिले. विषय तिथेच संपला.

टेम्पो त्या वस्तीत शिरला आणि सवयीने मागच्या गेटाला लागला. वॉचमनने पास दिले, ते सगळ्यांनी गळ्यात अडकवले. बाकीचं सामान मागच्या लिफ्टमधून गेलं. कपाट जाईना, उंचीला ते लिफ्टपेक्षा चार बोटं जास्त होतं. तेव्हा जिना.

जिन्यातून जड सामान चढवायची टोळीची एक रीत होती. वरच्या बाजूचा माणूस उलटा चढतो, तोंड सामानाकडे; त्याच्या अंगावर वजन कमी, पण वळण त्याने सांभाळायचं. खालच्याला काहीच दिसत नाही, सगळं वजन मात्र त्याच्यावर. खालची बाजू मुकादमाची, हे कायमचं ठरलेलं. त्या दिवशी पैलवान म्हणाला, मुकादम, आज तू मालक आहेस, नुसता पुढं चाल. मुकादमाने डोक्यावर चुंबळ नीट बसवली, खांद्यावर पट्टा घेतला आणि खाली जाऊन उभा राहिला.

"घे," तो म्हणाला, आणि कपाट उठलं.

रेडिओ शेजारून चढत होता आणि प्रत्येक मजल्यावर काहीबाही बोलत होता. कपाटात वहिनी तर बसलेल्या नाहीत ना, वजन ओळखीचं वाटतंय, असं. मुकादमाच्या तोंडून फक्त दोन शब्द निघत, घे आणि दम. दम म्हटलं की थांबायचं, पण टेकवायचं नाही. सामान एकदा उचललं की ते थेट आपल्या जागीच टेकलं पाहिजे, मध्ये कुठे टेकलं तर टोळीचं नाव जातं, असं तो मानायचा. वळणावर आरशाचा कोपरा भिंतीजवळून असा गेला की मधून कागद सरकला नसता. तरी भिंतीला लागला नाही. सहाव्या मजल्यावर त्याच्या मानेच्या शिरा दोरासारख्या तट्ट झाल्या होत्या, आणि जिन्यात कोणी उभं असतं तर त्याला दिसलं असतं की म्हातारा हसत होता.

कपाट दारातून आत आलं. मुकादमीण मधोमध उभी होती. खालून, कपाटाच्या आडून, मुकादमाचा आवाज आला.

"बाई, कुठं ठेवायचं?"

पैलवानाने ओठ चावले. रेडिओ भिंतीकडे तोंड करून हसू दाबू लागला. मुकादमाला मात्र पत्ता नव्हता. त्याने अगदी कामातून विचारलं होतं, जसं तो प्रत्येक घरात विचारायचा. मुकादमिणीला जन्मात कोणी हे विचारलं नव्हतं. जुन्या खोलीत कपाट ठेवायला जागा एकच होती. ती दोन पावलं मागे सरली, हात कमरेवर ठेवले, आणि म्हणाली, तिकडे, खिडकीपाशी. ठेवलं. मग म्हणाली, नाही, जरा अलीकडे. सरकवलं. मग म्हणाली, बाहेरचा उजेड आरशावर येतोय, त्या भिंतीला लावून बघू या. टोळीने ते पुन्हा उचललं. मुकादम जराही कुरकुरला नाही. बाईंनी मान हलवेपर्यंत सामान बसलं असं म्हणायचं नाही, हीसुद्धा रीतच. तिने मान हलवली. मग पदराने आरसा पुसायच्या निमित्ताने तिने पाठ फिरवली, कारण हसता हसता तिला रडू आलं होतं.

यापुढचं जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही, म्हणूनच ते सांगायचं आहे.

टोळीची शेवटची रीत अशी की काम संपलं की घरात घुटमळायचं नाही. गिऱ्हाइकाच्या घरात बसायचं नाही, पाणी प्यायचं ते दारात उभ्याने. मुकादमाने गोणपाटं गोळा केली, पट्टे गुंडाळले, उंबऱ्यावर पडलेली धूळ स्वतःच्या फडक्याने पुसली. मुकादमिणीने तांब्या दिला तो दारात उभं राहून प्यायला. मग म्हणाला, येतो, बाई. तिला वाटलं, म्हाताऱ्याला गंमत सुचतेय, आणि टोळीला खालपर्यंत सोडून येईल. ती स्वयंपाकघरात भांडी लावायला गेली. डॉक्टरीण त्या वेळी खाली मॅनेजरकडे राहणाऱ्यांची कार्डं घेत होती. मुकादम मागच्या लिफ्टने उतरला, गळ्यातला पास वॉचमनला परत केला, टेम्पोत चढला आणि निघून गेला.

टोळीतल्या कोणालाही यात वावगं वाटलं नाही. पट्टे, दोर ठेवायच्या टपरीची किल्ली त्याच्याकडेच असायची, तेव्हा तो अड्ड्यावर येणारच. त्याने टपरी उघडली, एकेक वस्तू जागेवर ठेवली, कुलूप लावलं. टपरीमागच्या नळावर हातपाय धुतले. मग उद्या भेटू म्हणाला आणि चालू लागला. चालताना त्याच्या डोक्यात कपाटच होतं. तिसऱ्या वळणावर पैलवानाने जो हात फिरवला तो कसा, हेच तो मनाशी घोळवत होता. पाय त्यांच्या वाटेने गेले.

जिना चढून तो तिसऱ्या मजल्यावर आला तर खोलीचं दार सताड उघडं आणि आत कोणीतरी स्टुलावर उभा राहून भिंतीला रंग देत होता. चुन्याचा ओला वास भरला होता. रंगाऱ्याने वळून पाहिलं आणि काका, कोण पाहिजे, असं विचारलं. मुकादमाने खोलीकडे पाहिलं तर ती इतकी लहान दिसत होती की ह्यात चौघं माणसं आणि ते कपाट कुठे मावलं असेल, हेच त्याला कळेना.

रंगारी बोलका होता. त्याला वाटलं, म्हातारा नातेवाईक असावा, गावाकडून आला असावा.

"इथलं बिऱ्हाड सकाळीच गेलं, काका. मोठ्या वस्तीत गेले म्हणे, गेटबीट आहे तिथं. लेक डॉक्टर आहे. पांग फेडले बघा पोरीनं म्हाताऱ्याचे."

"असं?" मुकादम म्हणाला.

"मग? खाली सगळी चाळ तेच बोलतेय. म्हातारा हमाल होता. आता बसून राहील गॅलरीत, वारा खात. एकेकाचं नशीब."

मुकादम मागे सरून जिन्याच्या पायरीवर बसला. आधी त्याला हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. रंगारी आतून डोकावून पाहून गेला. आपलं बिऱ्हाड आपणच पोचवलं, बाईंना येतो म्हणालो आणि घरी आलो! टोळीला कळलं तर रेडिओ हे मरेपर्यंत वाजवत राहील. मग हसता हसता तो थांबला. त्याला लेकीचा चेहरा दिसला. मी इथंच राहीन, असं आपण म्हणालो होतो. येतोय की, असं गाठीकडे पाहून म्हणालो होतो. पोरीला काय वाटलं असेल? बाप विसरला, असं कोण म्हणेल? बापाने कपाट पोचवलं आणि बाप पळाला, असंच वाटलं असणार. फोन करावा तर फोन शर्टाच्या खिशात, आणि शर्ट नव्या घरात.

तो उठला. अंगात तरुण माणसाचं बळ आल्यासारखा भराभरा खाली उतरला आणि अड्ड्यावर आला. टोळी अजून कट्ट्यावरच होती. त्याने काय झालं ते सांगितलं, लपवण्यात अर्थ नव्हता. पैलवान, जो कधी मोठ्याने हसत नसे, तो कट्ट्यावरून घसरून खाली बसला. रेडिओ म्हणाला, मी पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली, सामान विसरणारी, किल्ली विसरणारी, एक जण तर सासू विसरला होता, पण स्वतःलाच टेम्पोत घालून परत पाठवणारा हा पहिलाच. टेम्पोवाल्याने गाडी सुरू केली आणि म्हणाला, बस, सोडतो.

मुकादम बसला नाही. तो टोळीकडे पाहत उभा राहिला.

"सगळेच चला," तो म्हणाला.

कशाला, असं पैलवानाने विचारलं. अजून काही चढवायचं आहे का. मुकादम म्हणाला, काही चढवायचं नाही, चहाला चला, बसायला चला. बसायला हा शब्द ऐकून तिघेही एकमेकांकडे पाहू लागले. रेडिओ सावकाश म्हणाला की त्या घरात आपण कसं बसणार, आपले कपडे काय, आपण काय. मुकादम म्हणाला, माझे तरी कपडे काय आहेत. मी एकटा गेलो तर दारात उभा राहीन, मला माझी खोड माहीत आहे. चौघं गेलो तर बसू. मग कोणी वाद घातला नाही. तिघांनी नळावर तोंडं धुतली. पैलवानाने केसांना पाणी लावून भांग पाडला; केस होते तेवढ्यांचा.

संध्याकाळ व्हायला आली होती. वस्तीजवळ आल्यावर टेम्पोवाला मागच्या गल्लीकडे वळू लागला, तेव्हा मुकादमाने त्याच्या हातावर हात ठेवला. पुढं, तो म्हणाला.

पुढच्या गेटावरचा वॉचमन वेगळा होता, तरुण, इस्त्रीचे कपडे, वागायला सभ्य. त्याने हात आडवा करून सांगितलं की सामानाची गाडी मागून, आणि तीही आता बंद झाली. मुकादम खाली उतरला. सामान नाही, माणसं आहेत, असं त्याने सांगितलं. वॉचमनने विचारलं, कोणाकडे जायचंय, घराचा नंबर काय. आणि इथे मुकादमाची पंचाईत झाली. मजला त्याला ठाऊक होता, जिन्याचं प्रत्येक वळण तोंडपाठ होतं, दाराची रुंदी बोटांवर होती. नंबर त्याने पाहिलाच नव्हता. नंबराचं काम बायकोचं आणि लेकीचं. वॉचमनने खांदे उडवले नाहीत की तो हसला नाही. त्याने आतल्या फोनवरून मॅनेजरला बोलावलं आणि हातानेच जरा थांबा असं सांगितलं.

मॅनेजर बागेतून चालत आला. त्याच्यामागून डॉक्टरीणही येत होती. ती बाहेरच निघाली होती. तिच्या एका हातात पर्स होती आणि दुसऱ्या हातात मुकादमाचा घडी केलेला शर्ट. चेहरा दगडासारखा. ती बापाला शोधायला निघाली होती, आणि तो कुठे सापडेल हे तिला पक्कं माहीत होतं. गेटात त्याला पाहून ती जिथे होती तिथेच थांबली.

मॅनेजरने मुकादमाला ओळखलं. तो मनापासून म्हणाला, कपाट काय चढवलंत हो, मी मुद्दाम जिना पाहून आलो, कुठे डाग नाही. काही विसरलं का मागे?

"राहायचंच विसरलो, साहेब," मुकादम म्हणाला. "सवय. काम झालं की निघायचं. जुन्या घरी जाऊन आलो, तिथं रंग लागलाय."

मॅनेजर हसला, मग टोळीकडे पाहून जरा गंभीर झाला. नियम असा होता की कोणालाही आत सोडायचं तर राहणाऱ्याने येऊन सांगावं लागतं, हे माझे पाहुणे आहेत. त्याने हे बोलून दाखवलं आणि मागे वळून डॉक्टरिणीकडे पाहिलं, ती सांगेल म्हणून. डॉक्टरिणीने तोंड उघडलं नाही. ती बापाकडे पाहत होती. इतकी वर्षं कुठल्याही कचेरीत, शाळेत, दवाखान्यात बाप म्हणायचा, तू बोल, तुला नीट बोलता येतं. आणि ती बोलायची. आज ती थांबली.

मुकादमाला ते कळलं. त्याने बंडी सारखी केली. पाठ, जी जन्मभर ओझ्याखाली वाकली होती, ती जेवढी सरळ होईल तेवढी केली. वॉचमनकडे, मॅनेजरकडे आणि मग लेकीकडे, यावेळी अगदी तिच्या डोळ्यांत, पाहिलं.

"मी इथं राहतो," तो म्हणाला. "सहाव्या मजल्यावर. ही माझी लेक, हे घर तिनं घेतलंय. आणि हे माझे पाहुणे आहेत. गाडी इथंच लागेल."

वॉचमनने एकदा मॅनेजरकडे पाहिलं आणि मोठं गेट उघडलं. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने सलाम केला. टेम्पोवाला एवढा गोंधळला की गाडी दोनदा बंद पडली, आणि तो तिला हळूच काहीतरी समजावून सांगताना ऐकू आलं.

डॉक्टरीण पुढे आली. तिने शर्टाची घडी उलगडून बापापुढे धरली, लहान मुलाला घालतात तशी. त्याने हात घातले. बटणं तिनेच लावली. ती एवढंच म्हणाली, बाबा, चहा किती कप टाकायला सांगू?

पुढच्या दाराला काच होती, आत गुळगुळीत फरशी, फुलदाणी. चौघे त्या फरशीवरून असे चालले की जणू कोणाचं झोपलेलं मूल ओलांडायचं आहे. लिफ्टमध्ये सगळीकडे आरसे. पैलवान आरशात स्वतःला पाहून नमस्कार करणार होता, मग त्याच्या लक्षात आलं. रेडिओ गप्प. त्याला इतका वेळ गप्प राहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

मुकादमिणीने दार उघडलं. एवढा वेळ तिने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, पण ते तिने दाखवलं नाही. नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, हे काय, बाईंनी काही परत मागवलं होतं का? मुकादम म्हणाला, कपाट सरकवायचं राहिलंय का बघायला आलो. मग ती बाजूला झाली. चौघे दारातच उभे. कोणाचा पाय उंबऱ्याच्या आत पडेना.

"आत या," मुकादमीण म्हणाली, "आणि बसा. आज कोणी उभ्यानं पाणी प्यायलं तर माझ्याशी गाठ आहे."

खुर्च्या दोनच होत्या. सोफा अजून यायचा होता. पैलवान गादीच्या वळकटीवर बसला, टेम्पोवाला भांड्यांच्या पेटीवर, रेडिओ खिडकीच्या कट्ट्यावर. मुकादम सवयीने भिंतीला टेकून उभा राहिला होता. लेकीने त्याचा दंड धरला आणि त्याला खुर्चीत बसवलं. तो जरा पुढे सरकून बसला, मग मागे रेलला, मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. खालून बागेतल्या पोरांचा आवाज येत होता. चहा आला. रेडिओने पहिला घोट घेतला आणि त्याला कंठ फुटला. तो म्हणाला, मुकादम, या वस्तीतली घरं आम्ही किती वेळा पाहिलीत रे, पण एकदाही दिसली नव्हती. यावर मुकादमीण म्हणाली, आता दर आठवड्याला बघायला या, फक्त आधी नळावर तोंड धुऊन या, हे आज आलात तसे. चाळीतल्या रंगाऱ्याने काय सांगितलं तेही मुकादमाने मग लेकीसमोर शब्दनशब्द सांगितलं, पांग फेडले इथपर्यंत. ते वाक्य त्याने दोनदा सांगितलं.

टोळी त्या आठवड्यात आली, पुढच्याही आली. पुढे मुकादमाने कामाचा पट्टा पैलवानाला दिला, आणि दुपारी तो खाली बागेतल्या बाकावर बसू लागला. कोणी नवीन भाडेकरू आला की तो मागच्या गेटापाशी जाऊन उभा राही आणि टोळीला पाणी वर घरी येऊन प्या असं सांगे. काही जण यायचे. काही जण लाजायचे, त्यांना तो सोडत नसे.

मुकादमीण त्या घरात सहा वर्षं राहिली आणि सातव्या वर्षीच्या उन्हाळ्यात, छोट्याशा आजाराने, दवाखान्यात वारली. मुकादम त्यानंतर दोन वर्षांनी, थंडी सरता सरता, एका सकाळी त्याच घरात, बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत बसल्या जागी गेला. लेक जवळ होती.